मुका पंखा

“तुझी आई दुपारी खरंच झोपलेली असते, की तुम्ही तिघं मिळून तसं नाटक करता?”

हा प्रश्न त्या पोरीचा स्वतःचा नव्हता. सोमवारी डब्याच्या सुट्टीत तिच्या तिघी मैत्रिणींनी तो तिच्या गळ्यात बांधला आणि वर पैजही लावली. शनिवारच्या आत आईला हे असंच, आडवळण न घेता, तोंडावर विचारायचं. हिंमत असेल तर. मागच्या वर्षी तिघी एकदाच तिच्या घरी आल्या होत्या, प्रकल्पाचा तक्ता रंगवायला. पाचव्या मिनिटाला त्यांच्यातल्या लंबूला हसू फुटलं आणि आठव्या मिनिटाला चौघीजणी तक्ता, रंग आणि पाण्याच्या वाटीसकट जिन्यात बसल्या होत्या. तेव्हापासून मैत्रिणींच्या लेखी ते घर म्हणजे एक कोडंच होतं.

“विचारीन की! त्यात काय एवढं?” ती म्हणाली. “पण आधी माझा कॉम्प्युटर तरी सरळ होऊ दे.”

“का? काय झालं? तूच तर म्हणालीस ना, आता विमानासारखा उडणार म्हणून?”

“उडतोय,” ती म्हणाली. “उलट्या दिशेला.”

शाळेत तिला सगळे भोंगा म्हणत. ती वरच्या मजल्यावर बोलायला लागली की खाली शिपाई मान वर करून बघायचा. पण त्याला कारण होतं. घरी ती फक्त कुजबुजायची. दिवसभर साठलेला आवाज मग बिचारीने खर्चायचा तरी कुठे?

तिची आई नर्स होती, तीही कायमची रात्रपाळीवाली. ज्या वॉर्डात माणसांना श्वाससुद्धा यंत्रानं पुरवावा लागतो, त्या वॉर्डात. सकाळी आठला ती घरी यायची, चहाचा अर्धा कप तसाच ठेवायची, नऊला आतल्या खोलीचं दार लावून घ्यायची आणि चारला बाहेर यायची. चेहऱ्यावर उशीची घडी, डोळ्यांखाली तीच सावली, आणि पहिलं वाक्य ठरलेलं, “किती वाजले?” गेली सात वर्षं हेच चाललं होतं.

आणि सात वर्षं ते घर पायांच्या बोटांवर चालत होतं. दाराची बेल काढून ठेवलेली. फोन घडी घातलेल्या रुमालावर. बाबांना शिंक आली तर ते सोफ्याच्या उशीत तोंड खुपसत, आणि तोंड वर काढलं की लालबुंद होऊन कुजबुजत, “माफ करा.” बाकी सगळीकडे फेल्ट. ते जाड, लोकरीसारखं राखाडी कापड, खुर्चीच्या पायांना लावतात ना, तेच. या घरात ते खुर्च्यांना होतं, दारांच्या चौकटींना होतं, कपाटांच्या खणांना होतं, कचऱ्याच्या डब्याच्या झाकणालाही होतं. बाबा त्याचे रोलच्या रोल आणत. ती दुसरीत असतानाच फेल्ट कापायला शिकली होती. बाकीच्या मुली त्या वयात कागदाच्या होड्या करत होत्या.

बाबा घरूनच काम करत. एका फर्निचरच्या कारखान्यासाठी ते स्वयंपाकघरांची चित्रं करायचे. कट्टा कुठे, कपाटं कुठे, खिडकीतून आलेला उजेड नळावर कसा पडेल, सगळं अगदी फोटो काढल्यासारखं. मांडणी झाली की कॉम्प्युटर ते चित्र हळूहळू पक्कं करत जाई. घरात त्याला चित्र ‘शिजणं’ म्हणत. एक चित्र शिजायला चाळीस मिनिटं लागायची, आणि तेवढा वेळ बाबा हनुवटीला हात लावून पडद्यावरच्या पट्टीकडे बघत बसायचे. ती बघण्याची तऱ्हा पोरीला सोसवेना. एखाद्या थांब्यावर बस येईल म्हणून बसलेला आणि ती येणार नाही हे कळून चुकलेला माणूस जसा बघतो, तसे ते बघत.

म्हणून यंदा सुट्टीत तिनं मनावरच घेतलं. वहीची चार पानं भरून टिपणं काढली, व्हिडिओ पाहिले, आणि बाबांना पटवलं. सगळा कॉम्प्युटर बदलायची गरज नाही, प्रोसेसर तेवढा बदलायचा, बसेल याच बोर्डावर, चौपट ताकदीचा आहे. “दहा मिनिटांत चित्र शिजेल, बाबा. शब्द देते.” आणि रविवारी संध्याकाळी खरोखर तिनं तो स्वतःच्या हातानं बसवला. उष्णता वाहून नेणारी पेस्ट मटारच्या दाण्याएवढी लावली, पंखा परत चढवला, एकूण एक वायर होती तशी जोडली. कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचा डबा, आतून बाहेरून पुसून घेतलं, पुढच्या जाळीवरचं झिजलेलं फेल्ट काढून नवं कोरं चिकटवलं, आणि हात झटकत म्हणाली, अर्थात कुजबुजत, “घ्या! आता बघा!”

बाबांनी बघितलं. पहिलं चित्र शिजायला पंचावन्न मिनिटं लागली.

“काहीतरी गडबड असेल,” बाबा म्हणाले. चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते थकल्यासारखे हसले. “असू दे गं इंजिनीअरबाई. जुनं परत लाव.”

“नाही ना, बाबा! मला थोडे दिवस द्या.”

“दिवसच तर नाहीत. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नऊ चित्रं द्यायचीत. कारखानेवाले म्हणालेत, या वेळी उशीर झाला तर यापुढे काम शहरातल्या मोठ्या ऑफिसला.” मग आणखी हळू, “गुरुवार सकाळपर्यंत बघ. नाही जमलं तर जुनं परत. आणि मग पुन्हा त्या डब्याला हात लावायचा नाही, बरं का.”

ते शेवटचं वाक्य तिला लागलं. डब्याला हात लावायचा नाही! सगळ्या वर्गात ज्या एका गोष्टीत तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं, तीच गोष्ट!

आता या दुरुस्तीची गंमत ऐका. कॅबिनेटचं बाजूचं पत्र्याचं झाकण सरकवलं की असं किंचाळायचं की विचारू नका. तेव्हा घरात नियम असा की ते उघडायचं फक्त संध्याकाळी, चारनंतर, आई जागी असताना. आई कामाला निघायच्या आत ते बंद, म्हणजे दुसऱ्या दिवशी बाबा निवांत कामाला बसायला मोकळे.

सोमवारी संध्याकाळी तिनं झाकण उघडलं आणि रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून, पुसून, नीट जागेवर बसवल्या. चित्र लावलं, तर काय, सोळा मिनिटं! तिनं आनंदानं उडी मारली, पण फेल्टच्या चपलांत, म्हणजे आवाज शून्य. रात्री झाकण लावलं. मंगळवारी सकाळी बाबांनी चित्र लावलं, चोपन्न मिनिटं.

मंगळवारी संध्याकाळी पुन्हा झाकण उघडलं. आत शिरून बोर्डाच्या सेटिंगा तपासल्या, तर एक खरंच चुकीची निघाली. प्रोसेसर बदलल्यावर रॅमचा वेग आपोआप खाली आला होता. तो वर नेला. वीज वाचवायची सोय चालू होती, ती बंद केली. प्रोसेसर किती तापतोय तेही पाहिलं, ठीक होता. चित्र लावलं, चौदा मिनिटं! “झालं!” ती आईच्या कानात म्हणाली. आई केस विंचरता विंचरता म्हणाली, “छान. आता जेव.” बुधवारी सकाळी, शाळेत जायच्या आधी, बाबांनी चित्र लावलं होतं. पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी जुन्या प्रोसेसरची डबी खणातून काढून टेबलावर ठेवली होती.

“भुताटकी आहे,” तिनं शाळेत जाहीर केलं. “संध्याकाळी पळतो, सकाळी लंगडतो.”

“तुझ्या घरात तोही सकाळी झोपत असेल,” लंबू म्हणाली. “बाय द वे, विचारलंस का?”

“विचारते गं!”

शेवटी ती कॉम्प्युटरच्या बाईंकडे गेली. बाई निवृत्तीला आलेल्या, दिवसातून सात तास तीच तीस यंत्रं तीच मुलं बिघडवताना बघून बघून पार विटलेल्या. त्यांनी पेपर तपासता तपासता सगळं ऐकून घेतलं. रॅम, सेटिंगा, वीज, चौदा मिनिटं, चोपन्न मिनिटं. मान वर न करता त्यांनी एकच विचारलं.

“चौदा मिनिटं लागली तेव्हा झाकण उघडं होतं का?”

“हो.”

“आणि चोपन्न लागली तेव्हा?”

“लावलेलं,” ती कुजबुजली. भोंग्याला शाळेत कुजबुजताना पाहून मागच्या बाकावरच्या मुलींनीही माना वळवल्या.

“गुदमरतोय तो,” बाई म्हणाल्या आणि पुढचा पेपर ओढला. “तापला की जीव वाचवायला स्वतःच हळू होतो. हवा कुठे अडते ते शोध. जा.”

घरापर्यंत ती धावत आली आणि दाराशी पोचल्यावर सवयीनं मांजर झाली. दीड वाजला होता. आतलं दार बंद. बाबा पट्टीकडे बघत बसले होते. तिनं दप्तर ठेवलं, प्रोसेसरचं तापमान दाखवणारी खिडकी उघडली. पंचाण्णव अंश. वेग अर्ध्यावर. आणि तरीही यंत्रातून चकार शब्द नाही. एवढं तापलेलं यंत्र खरं तर बोंबलायला हवं होतं.

तिनं कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर हात ठेवला. हाताला लागलं ते मऊ मऊ, जाड, राखाडी, नवं कोरं फेल्ट. तिनंच कापलेलं. तिनंच चिकटवलेलं. कडा किती सफाईनं दुमडलेल्या!

 चार दिवस ती या डब्याची आतडी उलटीपालटी करत होती, आणि हे रोज तिच्या नाकासमोर होतं. पण या घरात फेल्ट कुणाला दिसतं? आपल्याच घराच्या भिंतींचा रंग कुणाला दिसत नाही, तसंच ते.

“बाबा,” ती कुजबुजली, “ही जाळी हवा आत यायची आहे.”

बाबा जाळीवरून बोट फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, “पंख्याच्या वायरीतही जोडवायरीचा एक तुकडा आहे. मीच लावलेला. पंख्याचा वेग कमी करणारा. तू लहान होतीस तेव्हा... जुन्या प्रोसेसरला चालून गेलं गं. तो फारसा तापतच नव्हता.”

तो तुकडा तर तिनं जोडताना हाताळला होता. वायर पुरत नसेल म्हणून जोड दिला असेल, असं समजून पुन्हा जसाच्या तसा लावला होता. होती तशी!

चित्र थांबवून बाबांनी कॉम्प्युटर बंद केला. मग दोघांनी मिळून झाकण सरकवलं. खोबणीत तेलाचे थेंब टाकून, बोट बोट करत, दोन जणांनी झोपलेल्या बाळाचा पाळणा उचलावा तसं. तिनं वायरीतला तुकडा काढला. जाळीवरचं फेल्ट ओढून काढलं. झाकण लावलं. बटण दाबलं. बाबांनी चित्र शिजायला टाकलं.

दोन मिनिटं काही नाही. आणि मग पंख्याला एकदम वाचा फुटली. भर्रर्रर्र! खोलीच्या शांततेत तो आवाज एवढा मोठा की बाबांनी सोफ्याची उशी उचलून कॅबिनेटवर दाबली. ती ओरडली, अगदी खरंच ओरडली, “बाबा, उशी नको!” आणि स्वतःच्याच आवाजानं दचकून तोंडावर हात ठेवला.

आतलं दार उघडलं.

आई उभी होती. केस विस्कटलेले, उशीची घडी गालावर. पण ती “किती वाजले” म्हणाली नाही.

“झालं,” बाबा उशी पोटाशी धरून म्हणाले. “उठवलं आपण तिला. काही नाही, तू जा, झोप. आम्ही आत्ता जुनं परत लावतो. आवाज बंद.”

पट्टी तेवढ्यात अर्ध्यावर पोचली होती. पोरीनं ती पाहिली, मग टेबलावरची जुनी डबी पाहिली. मग आईकडे पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर नुकतं झोपेतून उठल्याचं काहीच दिसत नव्हतं. आई जागी होती. बऱ्याच वेळापासून जागी होती. आणि कधी नव्हे तो भोंग्याला घरात तोंड फुटलं.

“आई, तू दुपारी खरंच झोपलेली असतेस, की आपण तिघं मिळून तसं नाटक करतो?”

“हे काय विचारणं झालं!” बाबा म्हणाले. “आई दिवसभर...”

“थांबा हो,” आई म्हणाली. ती येऊन सोफ्यावर बसली, गुडघे जवळ घेऊन, लहान मुलीसारखी. विस्कटलेले केस बोटांनी सोडवत राहिली. पंखा भर्रर्र करत होता.

“पहिले दोन तास झोपते,” ती म्हणाली. “मग जाग येते. रोज.”

“आमच्या आवाजानं?” बाबा कासावीस झाले. “सांगितलं नाहीस! कसला आवाज? खुर्चीचा?”

“आवाजानं नाही. तुमच्या शांततेनं.” आईनं डोळे चोळले. “अहो, मी रात्रभर यंत्रांत असते. घर्र, पीप, फुस्स. ते चालू असलं की माझं मन शांत असतं. आवाज बंद पडला की आम्ही धावतो. सात वर्षं हेच शिकलेय मी. आणि घरी आले की सगळं बंद! अकरा वाजले की दचकून उठते. मग पडून राहते आणि ऐकत बसते. तुम्ही चहा ढवळताना चमचा कपाला लागू नये म्हणून मध्येच थांबता ना, ते ऐकू येतं मला. पुढे कधी ढवळताय याची वाट बघत बसते.”

“मग बोलली का नाहीस?” लेक म्हणाली.

“कशी बोलू? तू दुसरीत होतीस. स्वतःच्या चपलांना फेल्ट लावलंस, आणि म्हणालीस, आता आईची झोप मोडणार नाही. एवढ्या हौसेनं. पुढे आणखी लावलंत, आणखी लावलंत. मला वाटलं, झोपल्यासारखं पडून राहणं तेवढं तरी आपण करावं.” आई हसली, पण त्या हसण्यात काही दम नव्हता. “दमले गं बये. झोपायचं नाटक करायलाही ताकद लागते.”

 बाबांनी उशी जागेवर ठेवली, मग पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. तेवढ्यात पडद्यावर ‘टिंग’ झालं. चित्र शिजलं होतं. अकरा मिनिटं. खिडकीतून आलेला उजेड नळावर पडला होता आणि नळ अगदी खऱ्यासारखा चमकत होता.

“शब्द पाळला हं पोरीनं,” बाबा हळूच म्हणाले. मग घसा खाकरून, जरा मोठ्यानं, ते काम त्यांना अवघडच गेलं, “पाळला शब्द.”

“दुसरं लावा,” आई म्हणाली आणि उठली. “दार उघडंच ठेवते.”

बाबांनी दुसरं लावलं. पंखा पुन्हा गर्जला. पाच मिनिटांनी पोरगी दारापर्यंत गेली, पायांच्या बोटांवर, कारण सात वर्षांची सवय एका दुपारी जात नाही. आई पालथी झोपली होती, एक हात पलंगाबाहेर, तोंड किंचित उघडं. ती घोरत होती. आपली आई घोरते हे त्या पोरीला तोवर माहीतच नव्हतं.

चार वाजले. साडेचार झाले. पाच वाजले. आई उठली नाही. बाबा येरझाऱ्या घालू लागले. आईला उठवायची वेळ या घरावर कधी आलीच नव्हती, त्यामुळे उठवतात कसं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी सहाला दोघांनी मिळून तिला हलवलं. ती उठली, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, “किती वाजले?” आणि यावेळी तिला ते खरोखरच माहीत नव्हतं.

पुढच्या दोन दिवसांत सगळी दमणूक पळून गेली असं काही झालं नाही. गुरुवारी आई चारलाच जागी झाली, डोकं धरून. बाबांना पंख्याच्या आवाजात सुचेना, ते दोनदा बाहेर जाऊन उभे राहिले. पण शुक्रवारी संध्याकाळी, पाचच्या सुमाराला, नववं चित्र गेलं. कारखान्यातून उत्तर आलं, एकच शब्द, “मिळाली.” बाबा खुर्चीत मागे रेलले आणि खुर्ची कुईऽऽ करून वाजली, कारण तिच्या पायांखालचं फेल्ट दुपारीच कुणीतरी काढून टाकलं होतं. आई कामावर जायच्या तयारीत होती. ती वळून बघत म्हणाली, “हे कुणी केलं?”

“मी,” पोरगी म्हणाली. ती खोलीच्या मधोमध उभी होती, हातात फेल्टच्या तुकड्यांची पिशवी, आणि आवाज शाळेतला. “आणि आणखी एक. ऐका दोघंही. मी ठरवलंय. उद्या शनिवार. दुपारी दोन वाजता माझ्या तिघी मैत्रिणी इथे येणार आहेत. जिन्यात नाही, इथे. आणि त्यातली लंबू फार मोठ्यानं हसते.”